नगरसेवकांविना नाशिक : एका लांबलेल्या निवडणुकीचं प्रकरण

संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. या दिवशी घरात शुभकार्य काढत नाहीत. पण १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान होतं आणि आम्ही पहाटेपासून एका शाळेच्या वर्गात यंत्रं मांडून बसलो होतो. साडेसातला दार उघडलं. पहिल्या दहा-पंधरा मतदारांत एक आजी होत्या, नातीचा हात धरून आलेल्या. यादीत नाव सापडलं, बोटाला शाई लागली, अंगठा उमटला. आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या, एक बटण दाबलं आणि लगेच परत फिरल्या. यंत्र मात्र गप्पच.

“आजी, अजून तीन बाकी आहेत.”

“दाबलं की रे बाळा.”

“आपल्या प्रभागात चार जागा आहेत. पांढऱ्या कागदावर एक, गुलाबीवर एक, पिवळ्यावर एक, निळ्यावर एक. कोणी नको असेल तर तिथं नोटाचं बटण आहे, पण चारही दाबावी लागतात.”

आजी पुन्हा आत गेल्या. बराच वेळ लागला. मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. शेवटी लांबलचक बीप वाजला तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच जिवात जीव आला. जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पूर्वी आपला एकच असायचा ना? आता चार कशाला? आणि मधे इतकी वर्षं कोणीच का नव्हता?”

रांग मोठी होती, उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात हाच प्रश्न मुलं निराळ्या शब्दांत विचारतात, म्हणून हे प्रकरण एकदा सविस्तर मांडायचं ठरवलं.

प्रकरण काय आहे

नाशिक महापालिकेची आधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक. २९ प्रभागांत चार-चार जागा, दोन प्रभागांत तीन-तीन. त्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ च्या मध्यावर संपली. त्या दिवसापासून जानेवारी २०२६ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं दहा महिने, या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. महापौर नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समित्या नाहीत. आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारं प्रशासन, त्याची छाननी करणारी स्थायी समिती आणि मंजुरी देणारी महासभा, या तिन्हींचे अधिकार एकाच खुर्चीत आले. कागदावर महासभेचे आणि स्थायी समितीचे ठराव होतच राहिले. फरक इतकाच की प्रस्ताव ज्या दालनातून निघायचा, त्याच दालनात तो मंजूर व्हायचा.

२०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार ५३. आज ती किती वाढली असेल ते पाथर्डी फाट्यावर किंवा आडगावच्या बाजूला संध्याकाळी एक चक्कर मारली तरी कळतं. एवढ्या मोठ्या शहराचं पाणी, कचरा, रस्ते, घरपट्टी, दवाखाने, शाळा हे सगळं जवळपास एका पूर्ण मुदतीइतका काळ लोकप्रतिनिधींशिवाय चाललं.

आता राज्यघटना काय म्हणते ते बघा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातला अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. मधेच पालिका बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात (किशनसिंग तोमर) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच ठासून सांगितलं होतं. वेळेवर निवडणूक घेणं राज्य निवडणूक आयोगाचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि सरकारच्या ढिलाईमुळे ते टळता कामा नये, असा त्या निकालाचा आशय.

म्हणजे कायद्यात फट नव्हती. तरीही घडलं ते घडलं. हे प्रकरण मला अभ्यासण्यासारखं वाटतं ते यासाठीच.

कसं लांबलं

‘निवडणूक नको’ असं कोणीच म्हटलं नाही. शोधून पाहा, एकाही पक्षाच्या एकाही नेत्याचं तसं जाहीर विधान सापडणं कठीण. प्रत्येक टप्प्यावर लांबणीचं एक पटेल असं कारण होतं.

सुरुवात ओबीसी आरक्षणापासून झाली. ४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणी लावली. समर्पित आयोगाने प्रत्यक्ष माहिती गोळा करावी, प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण ठरवावं आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ नये. हे आरक्षण टिकावं ही मागणी रास्तच होती. माळी, वंजारी, तेली, शिंपी, सुतार या समाजांतून नाशिकच्या सभागृहात आलेली माणसं आरक्षण नसतं तर किती आली असती, हा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारतो. पण माहिती गोळा करायचं काम निकालानंतर तातडीने हाती घ्यायला हवं होतं. ते रेंगाळलं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने २७ टक्क्यांच्या अध्यादेशाला स्थगिती दिली, मार्च २०२२ मध्ये मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवालही नाकारला.

त्याच मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे, आणि तिच्याकडे तेव्हा फार कमी लोकांचं लक्ष गेलं. प्रभाग पाडण्याचा अधिकार तोवर राज्य निवडणूक आयोगाकडे होता. विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून तो राज्य सरकारकडे घेतला. ११ मार्च २०२२ पासून ती दुरुस्ती लागू झाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या वेळी एका बाजूला होते. उघड हेतू ओबीसींची माहिती तयार होईपर्यंत वेळ मिळवण्याचा होता. पण शहराचा नकाशा कापायची कात्री एकदा सरकारच्या हाती गेली की पुढचं प्रत्येक सरकार ती वापरणार, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

आणि वापरलीच. आधीच्या सरकारने तीन सदस्यांचे प्रभाग ठरवले होते आणि नाशिकच्या जागा १२२ वरून १३३ केल्या होत्या. ४४ प्रभागांचा कच्चा आराखडा फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन आठवड्यांत निवडणुकीची प्रक्रिया सुरू करा. मेअखेरीस आरक्षणाची सोडत निघाली. जुलैत ओबीसींची माहिती गोळा करण्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला, म्हणून जुलैअखेरीस ओबीसी जागांसह पुन्हा सोडत. इच्छुकांनी फ्लेक्स लावले, घरोघरी कॅलेंडरं वाटली. दरम्यान ३० जूनला राज्यात सरकार बदललं होतं. नव्या सरकारने ऑगस्टच्या सुरुवातीला १३३ चा आराखडा बाजूला ठेवून २०१७ च्याच रचनेवर, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागांवर, जायचं ठरवलं. त्याला आव्हान दिलं गेलं आणि २२ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला.

त्यानंतर तारखांवर तारखा. पावणेतीन वर्षं.

मधे २० मे २०२४ ला नाशिकमध्ये लोकसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं. तीच शाळा, तेच वर्ग, तेच शिक्षक, तोच पोलीस बंदोबस्त. निवडणूक घ्यायची यंत्रणा नव्हती असं म्हणायला जागा उरत नाही. प्रभागाचा नकाशा कोणाचा, एवढ्या एका वादात शहर अडकलं होतं.

शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की बांठिया अहवालापूर्वी जे ओबीसी आरक्षण होतं ते धरून चार महिन्यांत निवडणुका उरका. तेही जमलं नाही. सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत मिळाली आणि त्या मुदतीच्या सोळा दिवस आधी आमच्या वर्गात यंत्रं लागली. प्रभाग ३१, जागा १२२. म्हणजे २०१७ मध्ये जो नकाशा होता, फिरून फिरून आम्ही त्याच आकड्यांवर आलो. जिल्हा परिषदेचं तर आणखी अवघड. तिची मुदतही मार्च २०२२ मध्येच संपली होती. पण आदिवासी तालुक्यांमुळे तिथलं एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जातं. जानेवारी २०२६ मध्ये ज्या १२ जिल्हा परिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या, त्यांत नाशिक नव्हती.

दोन्ही बाजूंची सरकारं यात होती. एकाच्या माथी दोष मारून मोकळं होता येत नाही, आणि मला तसं करायचंही नाही. ज्याच्या हाती नकाशा त्याला नकाशा बदलावासा वाटणार, ज्याचा तोटा होणार तो कोर्टात जाणार, आणि कोर्ट निकाल देईपर्यंत खुर्ची अधिकाऱ्याकडे राहणार. या साखळीत कुठेच कोणी बेकायदा वागलेलं दाखवता येत नाही, आणि तरी शेवटी घटनेतली पाच वर्षांची अट मोडलेली असते.

हे शहराने आधीही पाहिलं होतं

नाशिकचे तरुण कार्यकर्ते हे विसरतात म्हणून मुद्दाम सांगतो. ही महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची गावं एकत्र करून. पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. तोवर सुमारे दहा वर्षं प्रशासकच होते. देशभरात असंच चाललं होतं. पालिका बरखास्त करायच्या आणि वर्षानुवर्षं निवडणूक लावायची नाही. ७४ वी घटनादुरुस्ती आली ती याच दुखण्यावर औषध म्हणून. त्यानंतर १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७, अगदी घड्याळ लावल्यासारख्या निवडणुका झाल्या. त्या सवयीमुळेच २०२२ ला कोणी फारसं घाबरलं नाही. ‘होईल दोन-तीन महिन्यांत’ असंच सगळे म्हणत होते. मीही वर्गात तेच सांगितलं होतं.

‘नव्हते तेच बरं होतं’

या काळात पारावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू यायचं: “नगरसेवक नाहीत तेच बरं आहे, टक्केवारी तरी वाचली.” बोलणारी माणसं मूर्ख नव्हती. ठेक्यांतलं साटंलोटं, अर्थसंकल्पाच्या वेळी आपापल्या प्रभागाला निधी ओढण्याची झोंबाझोंबी, सभागृहातली राजदंडाची पळवापळवी हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. आणि कामं बंद पडली होती असंही नाही. रस्ते झाले, घंटागाड्या फिरल्या, पाणी येत राहिलं.

या म्हणण्याला उत्तर द्यायचं तर मी २०१८ चा दाखला देतो. त्या वर्षी फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले आणि ३१ मार्चच्या आदेशाने मालमत्तांचं करयोग्य मूल्य वाढवलं. त्यात शहर हद्दीतल्या मोकळ्या जमिनीही आल्या, म्हणजे ज्यावर आजही द्राक्ष नाहीतर भाजीपाला आहे अशी शेतंसुद्धा. शहर पेटलं. महासभेत तासन् तास चर्चा झाली. सत्ताधारी आणि विरोधक, दोघंही विरोधात उभे राहिले. ऑगस्टमध्ये सत्ताधारी पक्षानेच आयुक्तांवर अविश्वास प्रस्ताव आणला, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली.

त्या वादात मी पूर्णपणे नगरसेवकांच्या बाजूचा नव्हतो. कर न वाढवता शहर चालवता येत नाही, आणि मुंढेंनी लावलेली शिस्त बऱ्याच जणांना हवी होती. पण तेव्हा काय घडलं ते नीट पाहा. कर कोणावर, किती आणि का, हा प्रश्न एका सभागृहात, पत्रकारांसमोर, नाव घेऊन, दोन्ही बाजूंनी मांडला गेला. कोण काय बोललं ते इतिवृत्तात आलं. शेतकऱ्याला निदान हे माहीत होतं की आपल्या बाजूने बोलायला एक ठिकाण आहे आणि तिथं न बोलणाऱ्या माणसाला पाच वर्षांनी विचारता येईल.

मार्च २०२२ नंतर ते ठिकाणच नव्हतं. निर्णय चांगले झाले की वाईट, हा वेगळा विषय. चांगले अधिकारी येतात, चांगलं काम करतात, बदली होऊन जातात. या काळात नाशिकला एकच प्रशासक लाभला असंही झालं नाही, खुर्चीवरची माणसं बदलत राहिली. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याला पंचवटीतला मतदार काय विचारणार? शहरातले लोक मग आमदारांकडे जाऊ लागले. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि काही भाग देवळालीत. म्हणजे पंधरा-सोळा लाखांच्या गटारी-दिवाबत्तीची तक्रार ऐकायला चार माणसं, आणि त्यांचं मूळ काम तर कायदे करायचं.

तपोवन

पुस्तकातला मुद्दा डोळ्यांसमोर उभा राहिला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं, त्यासाठी सतराशेहून अधिक झाडं काढायची असा प्रस्ताव आला. झाडांवर नोटिसा लागल्या. लोक जमले. काहींनी झाडांना मिठ्या मारल्या, लहान मुलं पाट्या घेऊन उभी राहिली. सुनावणीला गर्दी झाली, घोषणा झाल्या, वातावरण तापलं.

१९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार अशा गोष्टी वृक्ष प्राधिकरणापुढे जातात. त्याचे अध्यक्ष आयुक्त, आणि सदस्य म्हणून नगरसेवक व झाडांची माहिती असलेली माणसं. कायदा करणाऱ्याच्या डोक्यात सरळ हिशेब होता: अधिकारी प्रस्ताव मांडेल, निवडून आलेले सदस्य त्याला विचारतील की एवढीच जागा का, दुसरीकडे का नाही, पुनर्रोपण केलेली झाडं जगली का. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर हा हिशेब कोसळतो. ज्या कार्यालयाने नोटीस काढली, त्याच कार्यालयाने हरकती ऐकायच्या आणि त्याच कार्यालयाने निर्णय द्यायचा. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी समोर बसलेल्या माणसाला ती सुनावणी वाटत नाही.

सिंहस्थाची बाकीची आखणीही अशीच. २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं, अध्यक्ष विभागीय आयुक्त. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. काळ थोडा, कामं अफाट. गती हवी हे मान्य. पण रामकुंडाच्या काठावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला, तपोवनात सकाळी फिरायला जाणाऱ्याला, साधुग्रामशेजारी शेती असलेल्या घराला या आखणीत आपलं म्हणणं ठेवायला जागा कोणती होती? हरकतीचा अर्ज, रस्ता आणि न्यायालय. लोकांनी तिन्ही वापरले. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली.

महासभा असती तर झाडं वाचली असती, असा माझा दावा नाही. कदाचित बहुमताने तोडीचा ठराव झाला असता. पण मग १२२ माणसांना आपापल्या प्रभागात जाऊन सांगावं लागलं असतं की मी हात वर केला होता की नाही. लोकांचा राग मग लवादाच्या दारापर्यंत जाण्याआधी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात पोचला असता. तो तिथंच पोचायला हवा.

चार का?

आजींच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग. खरं तर त्यांची आठवण पक्की होती. २००२ मध्ये प्रभाग तीन सदस्यांचा होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा, २०२२ साठी पुन्हा तिघांचा ठरला आणि २०२६ मध्ये पुन्हा चौघांचा झाला. मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक. राज्य एकच, घटना एकच, मग नाशिककराला दर पाच वर्षांनी वेगळा हिशेब का शिकावा लागतो?

चार सदस्यांच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात थोडं तथ्य आहे. मोठ्या प्रभागात महिला, अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा जागा बसवणं सोपं जातं, आणि एका गल्लीचा दादा संपूर्ण प्रभाग ओढून नेऊ शकत नाही. पण दुसरी बाजू जड आहे. २०११ च्या आकड्यांनी भागलं तर नाशिकमध्ये एका नगरसेवकामागे बारा हजारांवर माणसं येतात. चार जणांचा प्रभाग म्हणजे जवळजवळ ४९ हजार, आणि आजच्या लोकसंख्येने त्याहून बरेच अधिक. एवढ्या पसाऱ्यात अपक्ष म्हणून उभं राहणाऱ्या शिक्षिकेला किंवा कामगार कार्यकर्त्याला प्रचार परवडत नाही. पक्षाचं पॅनेल आणि पक्षाचा पैसा लागतो. निवडून आल्यावर पाईप फुटला तर ‘अ’ जागेवाला म्हणणार ‘ब’ ला विचारा. त्यात व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर दाखवणारी जोडणीही नाही. बहुसदस्यीय प्रभागाच्या यंत्रांना ती जोडण्याची सोय नसल्यामुळे आपलं मत कुठं गेलं ते कागदावर दिसत नाही, आणि मनात शंका असलेल्या मतदाराला केंद्राध्यक्ष म्हणून मला फक्त तोंडी समजावता येतं.

कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून मतदारांची सभा, जशी गावात ग्रामसभा. एक नगरसेवक, त्याचा परिसर, त्याची सभा असं ते गणित आहे. चौघांच्या प्रभागात या सभेचा अध्यक्ष कोण, इथूनच घोळ सुरू होतो. पंचवीस वर्षं या शहरात शिकवतोय, माझ्या एकाही विद्यार्थ्याने क्षेत्रसभा पाहिलेली नाही. त्यांच्या आजोळी पेठ-सुरगाण्यात ग्रामसभा होते, शहरात त्यांच्या वस्तीची सभा होत नाही.

कुठं हात घालायचा

मला विचाराल तर सगळ्यात आधी नकाशाची कात्री सरकारच्या हातून काढायला हवी. प्रभाग पाडणं आयोगाकडे परत द्यावं, आणि कायद्यात एक साधं वाक्य घालावं: मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी नवा नकाशा अंतिम झाला नसेल, तर मागच्या निवडणुकीचा नकाशा आपोआप लागू. वाक्य लहान आहे, पण २०२२ ला ते असतं तर ऑगस्टमधला १३३ की १२२ हा वाद उभाच राहिला नसता. शेवटी आम्ही जुन्याच आकड्यांवर आलो ना, मग चार वर्षं थांबलो कशासाठी? लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ स्वतंत्र परिसीमन आयोग ठरवतो, म्हणून नकाशाच्या भांडणात महाराष्ट्राची विधानसभा तीन-चार वर्षं रिकामी राहिल्याचं आपण पाहत नाही. महापालिकेच्या मतदाराला तोच मान मिळायला हवा.

दुसरं, प्रशासकाच्या काळात करता येणाऱ्या कामांवर मर्यादा हवी. पाणी, कचरा, पगार, दुरुस्ती, आपत्ती हे थांबून चालणार नाही. पण वर्षानुवर्षांचे ठेके, शहराच्या जमिनींचे करार, करांची फेररचना या गोष्टींवर निवडून आलेल्या सभागृहाची मोहोर लागेपर्यंत थांबावं. हा प्रामाणिक अधिकाऱ्यालाही आधारच आहे. वरून दबाव आला तर त्याला कायद्याकडे बोट दाखवता येईल.

प्रभागातल्या सदस्यांची संख्या किती, यावर माझं मत एक सदस्याच्या बाजूचं आहे, पण ते टोकाचं नाही. दोनही चालतील. जे ठरवायचं ते एकदा ठरवा आणि वीस वर्षं हात लावू नका. जनगणना २०२७ मध्ये पूर्ण होईल, नवे आकडे येतील, पुन्हा प्रभाग पडतील. पुढची मुदत २०३१ ला संपेल. कायदा बदलायचा तर आत्ताच, कारण २०३० उजाडलं की प्रत्येकाला आपापला नकाशा दिसायला लागेल.

मतदानाच्या दिवशी दुपारी थोडी उसंत मिळाली तेव्हा सकाळच्या आजींची नात एकटीच पुन्हा आली. तिचं मत दुसऱ्या खोलीत होतं. २०२२ ला ती बारावीत होती, आता नोकरीला लागली होती, आणि महापालिकेसाठी हे तिचं पहिलंच मत. येताना तिळगुळाची पुडी आणली होती. “सर, आजी विचारतेय, निवडून आल्यावर यातला आमचा कोण?” मी म्हटलं, “चौघेही. निकाल लागला की चौघांची नावं लिहून ठेव, आणि महासभेत कोण काय बोलतं ते पेपरात वाचून आजीला सांगत जा.”

वर्गातल्या मुलांनाही मी हेच काम दिलं आहे. प्रत्येकाने एक प्रभाग घ्यायचा. वहीत अ, ब, क, ड असे चार रकाने, आणि दर महासभेनंतर त्यात नोंद: कोण हजर होतं, कोणी काय विचारलं, मतदान झालं तर हात कुठल्या बाजूला गेला. पाचव्या रकान्यात तारीख. तपोवनाचा विषय पटलावर येईल त्या दिवशी सगळ्या वर्गाला घेऊन सभागृहात जायचं ठरलं आहे.